अर्धा ॲक्सल

कंपनीनं माझ्या वडिलांना अर्धा ॲक्सल शिकवला. डावा अर्धा. उजव्या अर्ध्यासाठी दुसरा माणूस होता, त्याला मी लहानपणापासून चाचा म्हणत आले. मध्ये लोखंडी घोडीवर गाडीचा पुढचा ॲक्सल, अलीकडे पप्पा, पलीकडे चाचा. ॲक्सल पुढे सरकायचा भोंगा होईपर्यंत पप्पांनी आपल्या बाजूचे नट आवळायचे, चाचांनी त्यांच्या. लाइनवर पप्पांचं नाव ‘एलएच’ आणि चाचांचं ‘आरएच’. डावा हात, उजवा हात. ड्रॉइंगवर तसंच छापलेलं असतं. आमच्या घरी जेवायला बसले तरी दोघं एकमेकांना तशीच हाक मारायचे. “ओ आरएच, भाकरी घ्या की.” “घेतो ओ एलएच, आधी रस्सा सरकवा.”

कंपनीचं नाव लिहीत नाही. मी कंत्राटी कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते आणि सकाळच्या शिफ्टला गेटवर वाटते. नाव लिहिलं की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. शिवाय या गोष्टीत नावाला फार महत्त्व नाही.

चाचा मावळातले. आंदर मावळात त्यांचं गाव, तळेगावात घर. बोलणं अजून गावाकडचंच, “आमाला काय ठावं”, “न्हाई जमणार”. आमचं घर पिंपरीला, स्टेशनमागच्या वसाहतीत, दारावर निळा झेंडा. एप्रिलमधल्या मिरवणुकीला चाचा आमच्याकडे आणि ईदला आम्ही त्यांच्याकडे, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी कुणाला बोलवायचं नाही.

चाचा हळू काम करतात, असं लाइनवर सगळ्यांचं मत होतं. उजव्या बाजूचा लाल दिवा सारखा लागायचा, लाइन थांबायची, सुपरवायझर घड्याळ घेऊन चाचांच्या मागे येऊन उभा राहायचा. पप्पा समोरून ओरडायचे, “काय आरएच, लग्नाला आलायस का? आरामात चाललंय!” चाचा मान वर न करता म्हणायचे, “व्हय, तुझ्याच लग्नाला आलोय. जेवूनच जानार.” हे पप्पा घरी येऊन हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. ‘आरएच म्हणजे लेट’ हे आमच्या घरातलं एक वाक्यच होऊन बसलं होतं. भाजीला उशीर झाला की आई म्हणायची, आज गॅसवर आरएच आहे.

मग ते गाडीचं मॉडेल बंद व्हायला आलं, आणि माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा आधी चाचांना काढलं. गती कमी म्हणून. पुढे पप्पांनाही ‘स्वेच्छानिवृत्ती’ दिली. स्वेच्छा! एका खोलीत बोलावून दारापाशी माणूस उभा करून सही घेतात, त्याला हे लोक स्वेच्छा म्हणतात. पण ते पत्रक माझं लिहून झालं आहे, इथे परत लिहीत नाही.

चाचांनी चाकणला तळेगाव रस्त्यालगत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. टेम्पोचे पाटे, ब्रेक, असली कामं. पप्पा डबा घेऊन रोज तिकडे जाऊ लागले. आणि एक दिवस भंगारवाल्याकडून दोघांनी मिळून तो ट्रक आणला. लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांना जोर असलेला, पप्पांपेक्षाही म्हातारा. हिरवा रंग पापुद्रे धरून सुटलेला, सीटमध्ये उंदरांचं घर. आईनं विचारलं, “हे कशाला?” पप्पा म्हणाले, “अगं, खाली वाकून बघ. आपलाच ॲक्सल आहे. आपल्या ॲक्सलची आजी.”

ठरलं असं, की ट्रक उभा करायचा आणि पावसाळ्यात चाचांच्या गावी न्यायचा, जिथे चिखलात दुसरी गाडी चढत नाही. गावकऱ्यांनी बघायला पाहिजे, असं चाचांचं म्हणणं.

काम कसं चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेड स्वतःची, ट्रक स्वतःचा, मागे घड्याळ घेऊन कुणी उभं नाही. तरी पप्पा डाव्या चाकापाशी आणि चाचा उजव्या. पप्पांनी पलीकडे जाऊन कधी पाना लावला नाही, चाचा अलीकडे आले नाहीत. मी एकदा म्हटलं, “अहो, आता तरी बाजू बदला.” चाचा म्हणाले, “तुझा बाप माझ्या बाजूला आला तर चाक उलटं बसवंल.” पप्पा म्हणाले, “आणि हा माझ्या बाजूला आला तर दिवाळी उजाडेल.” दोघं खो खो हसले. मला हसू आलं नाही. माणसाला गेटबाहेर काढलं तरी गेट माणसातून निघत नाही, असं काहीतरी मी तेव्हा वहीत लिहिलं होतं. आता ते वाक्य मला नको वाटतं. त्यांना तशी सवय होती, इतकंच.

पहिल्यांदा ट्रक रस्त्यावर काढला तेव्हा तो एका खड्ड्यात गेला आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. थांबेनात. स्टीअरिंग हातातून सुटून जाईल असं हलत होतं. कसाबसा थांबवून शेडमध्ये परत आणला. चाचांनी उजवं चाक वर उचललं, वरून-खालून धरून हलवलं आणि म्हणाले, “माझ्याच बाजूला ढिलं हाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली बाजू खोलली.

ती खोललेलीच राहिली. मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. पप्पा मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर शेडकडे फिरकले नाहीत.

निरोप जागेच्या मालकाकडून आला. तिथे गोदाम होणार होतं. चाकणला सगळीकडे गोदामंच होणार असतात. कालपर्यंत कांद्याचं शेत, आज निळे पत्रे, उद्या कंटेनरची रांग. महिनाअखेर शेड रिकामी करा. मालकाचा माणूस आमच्या दारात उभा राहून म्हणाला, “ट्रक त्याच्या चाकांवर चालत गेला पाहिजे, काका. क्रेन आत येत नाही, वरून वायरी आहेत. नाहीतर गॅस कटरवाला सांगून ठेवलाय. जागेवरच तुकडे करील.”

तो गेल्यावर पप्पा म्हणाले, “कापू दे.”

चाची, म्हणजे चाचांची बायको, त्याच संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, “भाऊ, कापू नका. माझ्या अंगणात आणून लावा. चालला नाही तरी चालंल. पण कापू नका.”

आता पप्पांच्या हातांचं सांगायला हवं. आयुष्यभर हवेची गन धरलेली. नट आवळणारी ती गन हातात सतत थरथरते, आणि ती थरथर बोटांत जाऊन बसते. थंडीत पप्पांची बोटं पांढरी पडतात, मेणासारखी. शर्टाची बटणं आई लावते. कपात चहा किती गरम आहे ते त्यांना ओठांनी कळतं, बोटांनी नाही. मला या हातांवर पत्रक काढायचं होतं. फोटो घ्यायला मोबाइल काढला, तर त्यांनी दोन्ही हात काखेत घातले. “माझे हात काय प्रदर्शनाला लावतेस?” मी वाद घातला. भरपाई, कायदा, तपासणी, सगळं बोलले. ते काखेतून हात काढेनात. मला त्यांचा राग आला होता. आता फक्त वाईट वाटतं, पण राग चुकीचा होता असं अजूनही वाटत नाही.

तर हे हात उजवी बाजू जोडू शकणार नव्हते. बाहेरचा मिस्त्री बोलवू म्हटलं तर पप्पा म्हणाले, “आरएचची बाजू बाहेरच्याला नाही.” मग उरले मी. एका सकाळी आम्ही शेडवर गेलो. पप्पा डाव्या चाकापाशी खोक्यावर बसले, मी उजवीकडे पोत्यावर आडवी झाले, आणि ॲक्सलवरून पलीकडून त्यांचा आवाज येऊ लागला.

“आधी समजून घे. काय काय दिसतंय?”

“एक जाड आडवा दांडा. वर पाटे.”

“तोच ॲक्सल. पाटे म्हणजे ट्रकचे गुडघे, खड्डा ते सोसतात. आता दांड्याच्या टोकाला बघ, लोखंडाचा गोळा आहे ना? त्याच्यावर टोपीसारखं बसतं ती नकल. चाक नकलेवर. चाक वळतं म्हणजे नकल वळते. दाराला बिजागरी असते, तशी नकलेला वर एक पिन आणि खाली एक पिन. किंगपिन.”

“आणि ढिलं काय झालं होतं?”

“तीच बिजागरी. दार ढिलं असलं की वाऱ्यानं आपटत राहतं बघ, तसं चाक आपटतं. आणि दोन्ही नकला मागनं एका लांब दांडीनं बांधल्यात, टाय रॉड. म्हणून एक चाक हललं की दुसऱ्याला हलावंच लागतं. माझी बाजू कितीही घट्ट असू दे.”

बिजागरी घट्ट करायची ती शिम घालून-काढून. शिम म्हणजे कागदासारखे पातळ पत्रे, पिनच्या टोपणाखाली बसतात. एक काढला की नकल जड फिरते, एक घातला की हलकी. चाचांचे शिम तारेत ओवून मडगार्डला अडकवलेले तसेच होते, त्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. मी टोपण लावलं, आवळलं, नकल फिरवून पाहिली.

“कशी फिरते?”

“फिरते की.”

“फिरते की काय? जड का हलकी? मध्येच सैल सुटते का?”

“मला काय माहीत कशी फिरायला पाहिजे?”

पप्पा म्हणाले, “इकडची फिरवून बघ. तशीच लागली पाहिजे.” मी पलीकडे जाऊन त्यांची नकल फिरवली. जड, पण सलग, लोण्यात पळी फिरवावी तशी. परत आले. शिम काढले, घातले, पुन्हा काढले. त्यांनी एकदा स्वतः येऊन बघायला हात पुढे केला, तोही ॲक्सलवरून, पाय त्यांच्याच बाजूला ठेवून. नकलेला बोटं लावली. डोळे मिटले. मग म्हणाले, “मला कळत नाही गं. तूच सांग.”

मी सांगितलं, सारखी लागते. हो म्हणाले आणि परत खोक्यावर जाऊन बसले.

टाय रॉड बसवला, नट लावला, नटातून पिन घालून तिची टोकं वाकवली. मला वाटलं झालं. तर नकलेला अजून एक भोक रिकामं. आणि वर ड्रायव्हरच्या बाजूनं आलेली एक दांडी मोकळी लोंबत होती, टोकाला चेंडूसारखा सांधा.

“पप्पा, ही कुठे जाते?”

“टाय रॉड असेल.”

“टाय रॉड लावला. ही दुसरी आहे. स्टीअरिंगकडून आलीय.”

“ती ड्रॅग लिंक. स्टीअरिंग फिरवलं की ती नकलेला ढकलते. ती आमच्याकडं नाही, ती लाइनवर पुढच्या स्टेशनला लागायची.”

“मग चाचांच्या पेटीत तिचा पाना कसा?”

पाना माझ्या हातात होता, त्या सांध्याच्या नटाला बरोबर बसणारा. घरगुती, तापवून वाकवलेला, बगळ्याच्या मानेसारखा. ब्रेकच्या ड्रममागे अवघड जागी पोचण्यासाठीच केलेला. धरून धरून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती. ती इतकी गुळगुळीत एका ट्रकनं होत नाही.

पप्पा उठले. ट्रकच्या पुढून चालत उजव्या बाजूला आले. मी त्यांना तिथे पहिल्यांदाच पाहत होते. पाना घेतला, उलटापालटा केला. “हा लाइनवरचा आहे,” म्हणाले. “मी त्याला म्हणायचो, वाकडा माणूस, वाकडा पाना.” मग खाली बसले आणि ड्रममागे डोकं घातलं.

बाहेर आल्यावर तुटक तुटक बोलले. पुढच्या स्टेशनचा एक माणूस कमी केला होता. केव्हातरी, फार पूर्वी. त्याचं काम कुठे गेलं, कुणी विचारलं नाही. ड्रॅग लिंक लागते स्टीअरिंगच्या बाजूला, आणि आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे. म्हणजे उजव्या माणसाला एक जोड जास्त. एक नट, एक पिन, तेही ड्रमच्या आड, समोरून दिसणार नाही असं. वेळ मात्र दोघांना तेवढाच.

“मी समोर उभा होतो,” पप्पा म्हणाले. “इथं. एवढ्या अंतरावर.”

मला बोलायला खूप होतं. माणूस कमी करतात, काम कमी करत नाहीत. हे वाक्य मी इतक्या पत्रकांत लिहिलंय की छापखानेवाल्याला पाठ झालंय. तो जोड कुणीतरी एसीत बसून चाचांच्या गळ्यात घातला, आणि मग त्याच जोडाबद्दल त्यांना हळू म्हणून काढलं. आणि लाइनवरच्या प्रत्येकाला हसायला लावलं, माझ्या बापालाही. हे सगळं मला तिथेच ओरडून सांगायचं होतं. पण पप्पा वाकडा पाना शर्टाला पुसत होते. मी खाली आडवी झाले आणि तो जोड लावला. पिन आत जाईना; जागा इतकी अडचणीची की बोटाची सालं निघाली. खूप वेळ लागला. पप्पा मागे उभे होते.

महिना संपायच्या आत ट्रक निघाला. चाची सकाळीच रिक्षानं आल्या, डोक्यावरचा पदर घट्ट धरून मधल्या सीटवर बसल्या. कटरवाला सिलिंडर घेऊन खरोखरच फाटकापाशी आला होता. “निघाला का?” म्हणाला, आणि चेहऱ्यावरून त्याला वाईट वाटलं का बरं वाटलं ते कळलं नाही.

पप्पाच चालवत होते. तळेगावचा रस्ता कंटेनरांनी भरलेला, खड्डे असे की ट्रकचं अर्धं चाक आत. एका खड्ड्यात उजवं चाक धाडकन गेलं. चाक एकदा थरारलं आणि शांत झालं.

थोड्या वेळानं पप्पांनी विचारलं, “सरळ चाललंय का गं?”

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते समोर बघत खरंच विचारत होते. स्टीअरिंगवर दोन्ही हात होते आणि हातांना काही लागत नव्हतं.

“थोडं उजवीकडे ओढतंय,” मी म्हटलं.

“ओढू दे.”

जरा पुढे एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी ट्रक कडेला घेतला, उतरले, वळसा घालून डाव्या दाराशी आले. “तू घे. मला रस्ता लागत नाही हाताला.” मी पलीकडे जाऊन बसले.

ट्रक पुन्हा चालू लागल्यावर ते चाचीला म्हणाले, “वहिनी, त्याच्या बाजूला एक जोड जास्त होता.”

“ठावं हाय,” चाची म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“घरी येऊन बोटं शेकायचे ना. मी म्हनलं, सायबाला सांगा. तर म्हनायचे, सांगितलं तर ते काम कमी न्हाई करायचे, एलएचकडं सरकवतील. त्याला न्हाई जमायचं, त्याचे हात आधीच गेलेत.” मग म्हणाल्या, “आन् तुमी चिडवता ते त्यांना आवडायचं बी. घरी येऊन मला सांगायचे, आज एलएच काय म्हनला.”

पप्पांनी तोंड खिडकीकडे केलं.

स्पष्टच लिहिते, मला चाचांचाही राग आला. बोलायला हवं होतं. समोरच्या माणसाला तरी सांगायला हवं होतं. दोघांनी मिळून गन खाली ठेवली असती तर लाल दिवा दोन्हीकडे लागला असता. असं मी गेटवर रोज सांगते. पण त्या दिवशी त्या सीटवर हे कुणाला सांगणार? मी गिअर बदलला.

ट्रक आता तळेगावात चाचीच्या अंगणात, शेवग्याखाली उभा आहे. गावी गेला नाही. चाची त्याच्यावर सांडगे वाळत घालतात. पप्पा रविवारी लोकलनं जातात, मला सुट्टी असली की मीही जाते. दोघं मिळून सांध्यांना ग्रीस भरतो. प्रत्येक सांध्याला ग्रीस आत घालायची एक छोटी बोंडी असते, निपल म्हणतात. पप्पा पंप काखेत दाबून धरतात आणि डावी बाजू भरतात. झाली की पंप माझ्याकडे देतात, पलीकडे येत नाहीत. दर वेळी तेच सांगतात.

“तुझ्याकडं एक जास्त आहे. ड्रमच्या मागं. विसरू नको.”